परसातली भाजी आणि अधारचे तळे

बृहन्महाराष्ट्राचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक सामान्यतः दोन प्रकारच्या साधनांचा आश्रय घेतात. एकीकडे मोडी दफ्तरे, तहनामे, सनदा आणि घराण्यांच्या कैफियती असतात. दुसरीकडे मराठी मंडळांचे अहवाल, ग्रंथालयांची नोंदपुस्तके आणि रौप्यमहोत्सवी स्मरणिका. पहिल्या साधनांतून सत्तेचा इतिहास उभा राहतो, दुसऱ्यांतून संस्थांचा. या दोहोंच्या मधला एक विस्तीर्ण प्रदेश मात्र कोरा राहतो. घराच्या मागील दारी असलेली चार वाफ्यांची जागा, तीत लावलेली अळूची रांग, कुंपणावर चढवलेला पडवळाचा वेल, देवपूजेपुरती जास्वंद आणि मोगरा, आणि या साऱ्यांतून रोज शिजणारे अन्न यांची नोंद घेण्याचे कोणाच्या मनात आले नाही. या जागेची सनद नव्हती आणि तिचा वार्षिक अहवालही निघत नव्हता.

महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी कुटुंबांची भाषा ग्रंथालयाइतकीच, किंबहुना त्याहून चिवटपणे, या परसात आणि त्याला लागून असलेल्या स्वयंपाकघरात टिकली, असे मला वाटते. शेजारच्या भाषेशी तिचा खरा व्यवहारही तिथेच झाला. हे विधान सर्वत्र सारखेच लागू पडेल असा दावा मी करणार नाही. परंतु जबलपूर शहराच्या उत्तरेकडील अधारताल या वस्तीपुरते ते तपासून पाहता येते. कारण तेथे तळे, बाग, भाजी आणि व्रत यांचा संबंध अनेक शतके अखंड दिसतो आणि त्याचे लेखी पुरावेही थोडेफार उपलब्ध आहेत.

अधारताल हे नाव अधार या व्यक्तीवरून आले. गढा-मंडल्याच्या गोंड राज्याची राणी दुर्गावती हिचा हा कायस्थ मंत्री. १५६४ मध्ये आसफखानाच्या सैन्याशी लढताना राणीला मरण आले, त्या प्रसंगाच्या वर्णनात अबुल फजलच्या अकबरनाम्यातही अधारचा उल्लेख येतो. लोकस्मृती अशी की राणीने राणीताल खोदविले, तिच्या दासीने चेरीताल आणि मंत्र्याने अधारताल. राणी, दासी आणि मंत्री या तिघांनाही एकेक तळे देणारी ही आठवण मोठी समतोल आहे. तिच्यातला ऐतिहासिक अंश किती आणि नंतरची रचना किती हे ठरविणे माझे काम नव्हे. गोंड राजवटीत या परिसरात तळ्यांची दाट साखळी निर्माण झाली, आणि शहराच्या वस्त्यांची नावे आजही तिची साक्ष देतात, एवढे निश्चित.

तळे म्हणजे पाण्याचा साठा ही आपली आजची कल्पना अपुरी आहे. तळ्याच्या बांधाखाली झिरपणारे पाणी, पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी काळी गाळाची जमीन आणि बांधावरची सावली या तिन्ही गोष्टी मिळून बागेची जागा तयार होते. या संबंधाची लोकमानसातील जाणीव किती खोल होती, याचा एक विलक्षण पुरावा कर्नल स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठेवला आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेला हा गृहस्थ जबलपुरात दीर्घकाळ होता, आणि १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने येथील वृक्षविवाहांविषयी तपशिलाने लिहिले आहे. ज्याने तळे खोदले त्याने, त्या तळ्याचे लग्न काठावर लावलेल्या केळीशी लावल्याशिवाय, त्याचे पाणी प्यायचे नाही. ज्याने आमराई लावली त्याने, तिच्यातल्या एका आंब्याचे लग्न चिंचेशी किंवा चमेलीशी लावल्याशिवाय, तिचे फळ चाखायचे नाही. छावणी आणि शहर यांच्यामध्ये आमराई लावणाऱ्या बरजोर सिंग नावाच्या वृद्धाची हकीकत स्लीमन सांगतो. भिंती आणि पक्क्या विहिरी बांधण्यात त्याचा सारा पैसा संपला आणि लग्नाला काही उरले नाही. १८३३ मध्ये एका झाडाला आंबे लागले तेव्हा नवराबायको मोठ्या संकटात पडली, कारण समोर असलेले फळ त्यांना तोंडात घालता येईना. अखेर त्यांनी सोन्यारुप्याचे दागिने विकले, कर्ज काढले आणि आमराईचे लग्न लावून दिले.

स्लीमनने ही कथा काहीशा विनोदाने सांगितली आहे. मला तिच्यात विनोदापेक्षा कायदा दिसतो. स्वतःच्या कष्टाने वाढविलेल्या गोष्टीवरही माणसाचा हक्क आपोआप उत्पन्न होत नाही, तो चारचौघांना जेवू घालून मिळवावा लागतो, असे या रूढीचे म्हणणे आहे. लागवड आणि पंगत यांना ती एका सूत्रात बांधते. पुढे ज्या व्रतांचा विचार करावयाचा आहे त्यांच्या मुळाशीही असेच काही आहे.

तत्पूर्वी जमिनीचा प्रकार ध्यानात घेतला पाहिजे. जबलपूरच्या आसपासच्या सपाट, भारी काळ्या जमिनीच्या पट्ट्याला हवेली म्हणतात. येथे वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. हवेलीचा शेतकरी प्रत्येक शेताला चारी बाजूंनी मातीचा बांध घाली आणि पावसाळाभर ते पाणी शेतातच कोंडून धरी. त्यामुळे ओल खोलवर मुरे आणि तण कुजून जाई. कांस नावाच्या चिवट गवताचा उपद्रव असलेल्या या प्रदेशात हा लाभ मोठा होता. आश्विनात पाणी सोडून दिले की त्या ओलीवर गहू, हरभरा, वाटाणा, मसूर पेरीत. म्हणजे श्रावण-भाद्रपदात, जेव्हा घाटावरचा महाराष्ट्र हिरव्या पिकांनी भरलेला असतो, तेव्हा हवेलीतले नांगराचे शेत पाण्याखाली असे. त्या दोन महिन्यांत हिरवे काही पिकायचे ते घरालगतच्या उंच जागी, नाहीतर तळ्याच्या काठावर. तेथे बैल जात नव्हता. कुदळ, खुरपे आणि माणसाचे हात एवढीच साधने.

या घरालगतच्या जागेला येथील बोलीत बाडी म्हणतात. आपली वाडी आणि ही बाडी या सख्ख्या बहिणी आहेत. दोघींची आजी संस्कृतातली वाटिका. मोठ्या प्रमाणावर भाजीपाला करणारे लोक म्हणजे काछी. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जातिजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात काछींच्या पोटजातींची नावे दिली आहेत. फुलिया फुलांचे, जिरिया जिऱ्याचे, हरदिया हळदीचे, मुराई मुळ्याचे आणि अलिया आलाचे. (आल म्हणजे मुळांपासून तांबडा रंग देणारे झाड; कारखान्यांत कृत्रिम रंग बनू लागले आणि ते पीक नाहीसे झाले, नाव तेवढे उरले.) आता मराठी मुलखातील माळ्यांच्या पोटजाती आठवाव्यात: फुलमाळी, जिरेमाळी, हळदेमाळी. नर्मदेच्या दोन बाजूंना, दोन भाषांत, एकाच व्यवसायाने स्वतःची विभागणी अगदी एकाच तत्त्वावर करून घेतली आहे. जात म्हणजे काय यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते. येथे तर ती थेट वाफ्यावरून ठरलेली दिसते.

मराठी साहित्याला हा माळी अपरिचित नाही. सोलापूर जिल्ह्यातील अरण गावचा सावता माळी हा नामदेवांचा समकालीन. त्याची समाधी शके १२१७ मधली, म्हणजे १२९५ ची. मळ्याची खुरपणी सोडून पंढरीला जाण्याची गरज त्याला वाटली नाही, ही त्याच्याविषयीची परंपरेची मुख्य आठवण आहे. पुढे पुण्यात गोऱ्हे घराण्याने पेशव्यांकडे फुले पुरविली आणि त्या व्यवसायावरून त्यांचे नावच फुले झाले. १८२७ मध्ये जन्मलेले जोतीराव त्या कुळातले. १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना त्यांना जमीन, पाणी आणि खते यांचे जे बारीक ज्ञान होते ते ग्रंथांतून आलेले नाही. तरीही आपल्या समीक्षेने सावत्याकडे भक्त म्हणून आणि फुल्यांकडे विचारवंत म्हणून पाहिले, आणि दोघांच्या हातांना लागलेली माती झटकून टाकली, असे खेदाने म्हणावे लागते.

मराठी सत्ता जबलपुरास आली ती १७८१ मध्ये. सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य घेतले आणि जबलपूर हे मुख्य ठाणे केले. १७९८ मध्ये पेशव्यांनी मंडला व नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांना दिले, आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतले. छत्तीस वर्षांची ही राजवट प्रजेला सुखाची होती असे म्हणण्यास आधार नाही. परंतु तिच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, वैद्य आणि शिलेदार यांची कुटुंबे येथे आली आणि सत्ता गेल्यावरही त्यांतली काही राहिली. मोठा ओघ मात्र नंतरचा. १८६७ मध्ये अलाहाबादकडून रेल्वे जबलपूरला पोहोचली, १८७० मध्ये ती मुंबईकडून आलेल्या मार्गाला जोडली गेली. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला; दुसऱ्या महायुद्धात खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना आला. नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांतात मराठी आणि हिंदी हे दोन्ही प्रदेश एकत्र होते, त्यामुळे मास्तर, कारकून, पोस्टमन यांच्या बदल्या या बाजूने त्या बाजूला होत राहत. १९५६ मध्ये प्रांतरचना झाली, नागपूर तुटले आणि उच्च न्यायालय जबलपुरात आले. त्याबरोबर वकील आणि न्यायालयातले नोकरही आले.

यांतले बहुसंख्य लोक शेती करणारे नव्हते. त्यांना जमीन मिळाली ती नोकरीबरोबर मिळालेल्या क्वार्टरच्या मागची पट्टी, किंवा भाड्याच्या घराचे अंगण. इंग्लंडात १९०८ च्या कायद्याने नगरसंस्थांवर अशा लागवडीसाठी जमिनीचे तुकडे पुरविण्याची जबाबदारी टाकली. जर्मनीत लाइपझिग शहरी १८६० च्या दशकात ज्या छोट्या बागांची चळवळ सुरू झाली तिला डॉ. श्रेबर यांचे नाव चिकटले आणि तिच्या संघटना, नियम, सभासदत्व सारे काही निर्माण झाले. आपल्याकडे १९४३ च्या सुमारास ‘अधिक धान्य पिकवा’ ही सरकारी मोहीम निघाली, परंतु तिने नगरवासीयाला जमिनीचा हक्क दिला नाही. परस हा हक्क कधीच नव्हता. मालकाने वा साहेबाने हरकत घेतली नाही म्हणून तो असे. म्हणूनच तो गेला तेव्हा कोणत्याही दप्तरात त्याची नोंद झाली नाही.

या परसात काय लावावे हे कोण ठरवी? माझ्या मते बव्हंशी पंचांग. दुर्वा, तुळस, आघाडा, तेरडा, गोकर्ण, झेंडू ही यादी श्रावण-भाद्रपदाच्या सणांची यादी आहे. आणि तिच्या मध्यभागी ऋषिपंचमी आहे. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीस, व्रतस्थ स्त्रीने बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही. नांगरलेल्या शेतातला तांदूळ वर्ज्य, गहू वर्ज्य. हाताने लावलेली, हाताने खुरपलेली भाजी तेवढी चालते. अळूची पाने व देठी, माठ, लाल भोपळा, पडवळ, भेंडी, शिराळे, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे असे सारे एकत्र शिजवून ऋषीची भाजी करतात. मसाल्यांचे अवडंबर नसते. भाज्यांचा आपला रस आणि थोडी चिंच एवढ्यावर तिची चव अवलंबून. सगळ्या भाज्या एकाच दिवशी हाताशी असाव्यात यासाठी ज्येष्ठापासून तयारी करावी लागे, आणि बाजारातून आणलेल्या भाजीला बैल लागला नाही याची खात्री कोण देणार?

या व्रतामागची कथा आजच्या वाचकाला सुखावणारी नाही. विटाळ पाळला नाही म्हणून एका स्त्रीला कुत्रीचा आणि तिच्या पतीला बैलाचा जन्म आला, आणि मुलगा व सून यांनी ऋषिपूजन केल्यावर त्यांची सुटका झाली, असे ती सांगते. स्त्रीच्या देहधर्माला पाप ठरविणाऱ्या या भागाचे समर्थन करण्याची मला इच्छा नाही. परंतु त्याच कथेत दिवसभर औताला जुंपलेला आणि रात्री उपाशी राहिलेला बाप-बैल आहे. ज्याच्या मानेवरच्या जुवावर वर्षभराचे अन्न उभे आहे, त्याच्या श्रमाचे एक दिवस खायचे नाही, हा व्रताचा दुसरा अर्थ लोकांनी जपला. नांगरापूर्वीच्या, हाताने उकरून पेरण्याच्या शेतीची अस्पष्ट स्मृती त्यात असावी असे अनुमान करण्याचा मोह होतो. पुरावा नसल्याने मी तो आवरतो.

आता जबलपूरच्या हिंदीभाषी घराकडे वळावे. तेथे याच सुमारास हरछठ येते. उत्तरेच्या पौर्णिमान्त गणनेने ती भाद्रपद वद्य षष्ठी, आपल्या अमान्त गणनेने श्रावण वद्य षष्ठी. म्हणजे ऋषिपंचमीच्या सुमारे दोन आठवडे आधी. हा नांगरधारी बलरामाचा जन्मदिवस, आणि गमतीची गोष्ट अशी की नांगरधाऱ्याच्या जन्मदिवशी नांगराचे काही खायचे नाही. मुलांच्या आयुष्यासाठी स्त्रिया हे व्रत करतात. गाईचे दूधदही वर्ज्य, म्हशीचे चालते. खायचा तो पसहीचा तांदूळ. हा पेरावा लागत नाही. तळ्याच्या कडेला, दलदलीत तो आपोआप उगवतो आणि काढून ठेवला तर वर्षाने याच दिवशी बाजारात भाताच्या कित्येक पट भावाने विकला जातो. त्याच्या जोडीला मोहाची फुले आणि बाडीतल्या न नांगरलेल्या पालेभाज्या.

हवेलीची शेते पाण्याखाली असताना, तळ्याच्या दोन काठांवर राहणाऱ्या दोन भाषांच्या स्त्रिया चौदा-पंधरा दिवसांच्या अंतराने एकच नियम पाळत होत्या. एकीने तो सह्याद्रीच्या बाजूने बरोबर आणला होता, दुसरीचा तो येथलाच होता. मराठी स्त्रीला येथे परकेपणा कमी वाटला असेल तर त्याचे श्रेय कोणा संस्थेपेक्षा या नियमाला देणे मला अधिक न्याय्य वाटते. शेजारणीच्या बाडीतली भाजी ऋषिपंचमीला चालेल का, हा प्रश्न तिला विचारावा लागत नव्हता.

भाषेचा व्यवहारही येथेच सुरू होतो. मराठीत भाजी हा शब्द सर्वव्यापी आहे; पानांसाठी आपण पालेभाजी असा वेगळा शब्द करतो. जबलपूरच्या बोलीत भाजी म्हणजे पानेच, बाकीची ती तरकारी. अळू घ्या. मराठी घरात अळू म्हटले की पाने डोळ्यांसमोर येतात: चुका, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, चिंच आणि गूळ घालून केलेली पातळ भाजी, किंवा पानांना बेसन लावून वळलेल्या वड्या. जबलपुरात याच झाडाचे नाव घुइयां, आणि घुइयां म्हटले की जमिनीखालचा कंद. झाड एक, पण एका भाषेने त्याचे वरचे अंग पाहिले, दुसरीने खालचे. कंद शेजाऱ्यास आणि पाने आपल्यास, अशी वाटणी अशा शेजारात सहज होते. पडवळ आणि चिचिंडा, तोंडली आणि कुंदरू, शेपू आणि सोया, लाल भोपळा आणि कुम्हडा: या जोड्यांपैकी बाजारात दुसरा शब्द आणि चुलीपाशी पहिला, असा दुहेरी व्यवहार या घरांनी केला. मराठी शाळेत न गेलेली, मराठी पुस्तक न वाचलेली तिसरी पिढीदेखील पडवळाला पडवळ म्हणत राहिली, कारण तो शब्द तिला वाचावा लागला नव्हता, चिरावा लागला होता.

यातून आणखी एक गोष्ट हाती लागते. घोसाळे म्हणणारे घर पुण्या-कोकणाकडचे, गिलके म्हणणारे खानदेश-वऱ्हाडाकडचे. आणि जबलपूरच्या बाजारातही गिलकीच असल्याने दुसऱ्या घराला शब्द बदलावा लागला नाही. कोथिंबिरीला सांबार म्हणणारे घर नागपूरच्या वाटेने आले हे निःसंशय. बटाट्याला आलू म्हणण्याची विदर्भाची सवय येथे हिंदीच्या आधाराने पक्की झाली. वंशावळी हरवलेल्या कुटुंबांचा मार्ग भाजीच्या नावांवरून काढता येतो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे हे साधन कुलवृत्तान्तांपेक्षा कमी खोटे बोलते.

मराठीतील पाककृतींच्या पुस्तकांनी या परसाची दखल फारशी घेतली नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० चे. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. तिन्ही पुस्तके आपापल्या परीने महत्त्वाची आहेत. पण पाककृतीच्या पुस्तकातली भाजी ही साहित्याच्या यादीतली भाजी असते. ती कोठून आली हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. परसातल्या स्वयंपाकाची रीत उलटी. आज कशाचे वेल सुटले आहेत, कोणते पान जून झाले आहे, काय उद्यापर्यंत टिकणार नाही, यावर पदार्थ ठरे. जून अळूची भाजी, कोवळ्याची वडी. जास्त झालेल्या कोहळ्याचे सांडगे, पिकलेल्या लाल भोपळ्याचे घारगे. या ज्ञानाला प्रमाण नव्हते, म्हणून ते छापले गेले नाही.

जुन्या परसाविषयी बोलताना शुद्धतेचा एक भ्रम निर्माण होतो, तो येथे टाळला पाहिजे. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, लाल भोपळा, पेरू, पपई ही सारी अमेरिका खंडातली. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू आणि संध्याकाळी उमलणारी गुलबक्षीदेखील तिकडचीच. ऋषीच्या भाजीत मक्याचे कणीस आणि लाल भोपळा असतो, आणि सप्तर्षींना त्याबद्दल काही तक्रार असल्याचे ऐकिवात नाही. स्लीमनने मॉरिशसहून ताहिती बेटाचा ऊस आणून याच नर्मदेच्या खोऱ्यात लावून पाहिला होता. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’मध्ये राजाच्या भोजनाचे विस्तृत वर्णन केले, त्यात यांतले एकही पीक असणे शक्य नव्हते. परसाने नव्या रोपाला नेहमीच जागा दिली. व्रताने एवढेच विचारले की याला बैल लागला का.

१९६४ च्या १ ऑक्टोबरला जबलपूर येथे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाची स्थापना झाली आणि अधारतालच्या नावाला नवा अर्थ आला. महाराष्ट्रातील राहुरीचे विद्यापीठ त्यानंतर चार वर्षांनी, १९६८ मध्ये निघाले. जेथे मंत्र्याच्या तळ्याखाली वाफे होते त्या परिसरात आता प्रयोगक्षेत्रे, बियाणे आणि संशोधन यांची भाषा बोलली जाऊ लागली. या विद्यापीठाने वाटाण्याचे जवाहर मटर या नावाचे वाण दिले, आणि जबलपूरचा हिरवा वाटाणा दूरदूरच्या बाजारांत प्रसिद्ध झाला. मध्य प्रदेशात सोयाबीनचा जो प्रसार झाला त्यातही या विद्यापीठाचा वाटा मोठा आहे. सोयाबीन पावसाळ्यात पिकते. त्यामुळे पाणी कोंडून शेत पडीक ठेवण्याची हवेलीची रीत हळूहळू मागे पडली. उत्पन्न वाढले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र श्रावणात शेते पाण्याखाली आणि बाडी तेवढी हिरवी, हे ज्या दृश्यावर दोन व्रते टेकली होती ते दृश्य त्याबरोबर गेले, याची नोंद कृषिवैज्ञानिकाने नाही तर निदान वाङ्मयाच्या अभ्यासकाने करावयास हवी होती.

१९८९ मध्ये याच अधारतालजवळ महाराजपूर येथे राष्ट्रीय तणविज्ञान संशोधन केंद्र सुरू झाले, ज्याचे पुढे संचालनालय झाले. गव्हाच्या शेतातले एक प्रमुख तण म्हणून तेथे ज्याचा अभ्यास होतो त्या वनस्पतीला जबलपूरकर बथुआ म्हणतो आणि मराठी माणूस चाकवत. ताक आणि बेसन लावून केलेली चाकवताची पातळ भाजी, वर लसणीची फोडणी, हे आपल्याकडचे हिवाळ्यातले परिचित अन्न; शेजारी बथुआ पिठात मळून पराठे करतो, नाहीतर दह्यात घालून रायते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते तण आहे हे खरेच आहे आणि ते उपटलेच पाहिजे. पूर्वीही ते उपटलेच जात होते. उपटणारी बाई ते घरी नेत होती एवढाच फरक. तणनाशक फवारलेल्या शेतातून ते घरी नेता येत नाही. घोळ, माठ, केना यांचेही असेच. तण आणि भाजी यांच्यातली सीमारेषा वनस्पतिशास्त्राने आखलेली नसून खुरपणाऱ्या हाताने आखली होती, आणि तो हातच शेतातून निघून गेला.

शहर वाढले तशा परसाच्या पट्ट्यांवर खोल्या चढल्या, मागच्या दाराला मोटार उभी करण्याची जागा झाली. चेरीताल आज प्रामुख्याने वस्तीचे नाव म्हणून ओळखले जाते. राणीतालच्या परिसरात क्रीडांगण झाले. मराठी कुटुंबांतली मुले पुणे, बंगळूर आणि त्याहीपलीकडे गेली. त्यांच्या घरी ऋषीची भाजी होत असेल तर ती बाजारात बांधून मिळणाऱ्या चिरलेल्या भाज्यांची. हे दोष म्हणून मी सांगत नाही. जिला अंगण नाही तिने दुसरे काय करावे? तथापि व्रताचा नियम आणि त्याचा आधार यांची फारकत झाल्यावर नियम किती दिवस टिकतो, हे पुढल्या अभ्यासकाला पाहावे लागेल, आणि त्यासाठी त्याने आजच, ज्या वृद्ध स्त्रियांना या वाफ्यांची मांडणी आठवते त्यांच्याकडून, भाज्यांची नावे आणि लावणीचे दिवस लिहून घेतले पाहिजेत. आपली विद्यापीठे बोलीकोश करतात तेव्हा नातेसंबंध आणि शिव्या फार आस्थेने गोळा करतात. वाफ्याची, वेलाची, बियाणे राखेत घोळून ठेवण्याची शब्दावली त्यांत अभावानेच सापडते.

तळ्याच्या संदर्भात एका पिकाचा उल्लेख राहिला. या प्रदेशातील तळी ढीमर कुटुंबे शिंगाड्यासाठी खंडाने घेतात. रसेल-हिरालालांच्या ग्रंथात या लागवडीवरून सिंगरिया हे नाव मिळालेली ढीमरांची पोटशाखा नोंदलेली आहे. ही पाण्यावरची बाग आहे: कोणाचा तुकडा कोठे संपतो हे रोवलेल्या बांबूंवरून कळते, मशागत गळ्याइतक्या पाण्यात उतरून किंवा छोट्या डोंग्यातून करायची, आणि नांगराचा प्रश्नच येत नाही. आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत फळ निघते. जबलपूरच्या रस्त्यांवर ते उकडून, काळ्या सालीसकट विकतात. वाळवून दळले की त्याचे पीठ मराठी घरात एकादशीच्या शिऱ्याला, थालीपिठाला आणि शिवरात्रीच्या लाडवांना लागते. पुण्याच्या वाण्याकडे पुडीत मिळणारे शिंगाड्याचे पीठ अशाच कुठल्या तरी तळ्यातून आलेले असते, आणि ते काढणाऱ्याच्या हातांना काट्यांनी पडलेली भोके उपवास करणाऱ्याला दिसत नाहीत.